नवा दिसावर : परदेशातील एक सत्र

हैदराबाद संस्थानाच्या काळात परतूरच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याला दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. संस्थानात निजामाचा हाली शिक्का आणि संस्थानाबाहेर इंग्रजांचा कलदार रुपया. सात हालींना सहा कलदार असा साधारण भाव असे. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि काही वर्षांनी हालीही चलनातून गेला. त्या पिढीच्या पणतवंडांपुढे आता तशाच बदल्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी येते आणि सांगते, एक सत्र परदेशी विद्यापीठात करण्याची संधी आहे, तिथले श्रेयांक इथे धरले जातील. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोनच प्रश्न येतात. खर्च किती, आणि त्यातून पदरी काय पडणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र माहितीपुस्तिकेतील गुळगुळीत शब्दांत सापडत नाही. ‘जागतिक दृष्टिकोन’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे शब्द छापायला सोपे असतात.

मारवाडातून मराठवाड्यात आलेल्या कुटुंबांना ‘दिसावर’ हा शब्द परका नाही. घर सोडून दूरच्या पेठेत व्यापाराला जाणे म्हणजे दिसावर. मिसरूड फुटायच्या आत मुलाला नात्यातल्या वा ओळखीच्या पेढीवर पाठवीत. तिथे तो झाडलोट करी, वह्या उतरवून काढी, मालाची पारख शिके आणि गिऱ्हाइकाचे बोलणे निमूटपणे ऐके. घरच्या दुकानात हेच शिक्षण का देत नसत? कारण घरच्या दुकानात तो मालकाचा मुलगा होता. नोकर त्याची चूक झाकीत, गिऱ्हाईक त्याला सांभाळून घेई. परक्या पेढीवर ही सोय नव्हती.

परदेशातील एका सत्राचा खरा लाभ याच जातीचा आहे. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्याच्या मुलाची पत जन्मतःच ठरलेली असते. कापडाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर ‘अमक्यांचा मुलगा’ एवढे पुरेसे असते. पैसे नंतर आले तरी चालतात. पुण्यात ही सावली थोडी विरळ होते, पण तिथेही मामा असतात, गाववाले असतात आणि समाजाचे वसतिगृह असते. परदेशी शहरात ती सावली पुरती संपते. खोली देणारा घरमालक वडिलांच्या नावावर विश्वास ठेवत नाही. तो अनामत मागतो आणि करारावर सही घेतो. उशीर झाला तर प्राध्यापक कारण विचारीत नाहीत, गुण कापतात. चार-पाच महिन्यांत मुलाला प्रथमच कळते की वडिलांची पत वजा केली तर स्वतःची पत किती उरते. ती पुष्कळदा शून्यापासून उभी करावी लागते आणि बहुतेक मुले ती करतातही. हा अनुभव पैशाने विकत घेता येत नाही. पैसा फक्त तिथवरचे तिकीट काढतो.

दुसरा लाभ अभ्यासाच्या रीतीचा आहे. येथील बहुतेक अभ्यासक्रमांत अंतर्गत गुण असले तरी विद्यार्थ्याचे लक्ष सत्राअखेरच्या लेखी परीक्षेवर खिळलेले असते. युरोपातील परिसंवादाच्या वर्गात विद्यार्थ्याला एखादा विषय घेऊन इतरांसमोर मांडावा लागतो आणि त्यावरील आक्षेपांना उत्तर द्यावे लागते. वर्गात गप्प बसणे हा तिथे विनय समजला जात नाही. तयारी नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. व्यापारी घरातील मुलाला सौद्यात बोलण्याची सवय असते, पण मोठ्यांसमोर प्रतिवाद करण्याची नसते. ती लागली तर दुकानाच्या पुढच्या पिढीला तिचा उपयोगच आहे. घरी आल्यावर तो काकांना दोन प्रश्न जास्त विचारील, एवढी तयारी मात्र घराने ठेवावी.

युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये ‘इरास्मस’ ही विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना सुरू केली. तिच्या परिणामांचा अभ्यास युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीनंतर पाच वर्षांनी या विद्यार्थ्यांतील बेकारीचे प्रमाण परदेशी न गेलेल्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये. परदेशी जाण्यासाठी जे पुढे येतात ते मुळातच धीट आणि बहुधा सुस्थितीतील घरांतले असतात, त्यामुळे सगळे श्रेय त्या सत्राला देता येत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो मात्र घराघरांत बारकाईने वाचला जाईल. माजी इरास्मस विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के जणांना आपला जीवनसाथी त्या मुक्कामातच भेटला.

या आकड्यापाशी अनेक घरांत चर्चा थांबते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. मुलाला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठविणारे वडील मुलीच्या एका सत्राला नकार देतात, हे चित्र दुर्मिळ नाही. हिशेबाने पाहिले तर हे उलटे आहे. पूर्ण पदवीसाठी गेलेला विद्यार्थी तिथेच नोकरी शोधतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. एका सत्रासाठी गेलेली मुलगी मुदतीच्या व्हिसावर असते, तिची पदवी इथल्या विद्यापीठाची असते आणि शेवटची परीक्षा तिला इथेच द्यायची असते. परत येण्याची याहून मोठी हमी शिक्षणाच्या कोणत्याही परदेशी वाटेत नाही. लग्नानंतर तिला अनोळखी घरात, कदाचित अनोळखी देशात राहावे लागणार आहेच. त्याआधी चार-पाच महिने स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या पैशांचा हिशेब ठेवून राहण्याची संधी तिला मिळत असेल, तर ती नाकारताना घराने कारण स्पष्ट सांगावे. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण होत नाही.

आहार आणि धर्माचा प्रश्न खरा आहे. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले होते. साधुआचारामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. समुद्र ओलांडण्यावरून तेव्हा समाजात मोठा वाद झाला. वीरचंदभाई २९ वर्षांचे होते. ते अमेरिकेत राहिले, आचार पाळला आणि जैन दर्शनावर व्याख्याने दिली. पुढे समाजाने शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोयही उभी केली. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढले. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. परगावी गेलेला मुलगा आचार सोडील ही भीती तेव्हाही होती. तिच्यावर शोधलेला उपाय मुलाला घरी ठेवण्याचा नव्हता.

आजच्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत आणि त्या नेमक्या माहीत असाव्यात. बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास. चौविहार करणाऱ्या विद्यार्थ्याचा हिवाळ्यात दुपारी दोन ते पाच असा वर्ग असेल, तर डबा वर्गाच्या आधीच संपवावा लागेल आणि सकाळपर्यंत सुमारे अठरा तास निभावावे लागतील. कंदमूळ वर्ज्य असेल तर ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही, कारण तिथल्या शाकाहारी जेवणात बटाटा, कांदा आणि गाजर हेच मुख्य असतात. तयार सारात मांसाचा अर्क आहे का, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट आहे का, हे वेष्टनावर वाचावे लागते. पर्युषण भाद्रपदाच्या आसपास येते. अमेरिकेतील शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होते, म्हणजे मुलगी तिथे पोहोचते न पोहोचते तोच हे दिवस येतात. जर्मनीतील हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांचे संवत्सरी प्रतिक्रमण बहुधा घरीच होते. आजीच्या देखरेखीखाली पाळलेला नियम ही सवय असते. कोणी पाहत नसताना, भुकेच्या वेळी, परक्या भाषेतील वेष्टन वाचून पाळलेला नियम हा स्वतः घेतलेला नियम असतो. काहींचा नियम तिथे सैल होईल, हेही गृहीत धरावे. तो सैल झाल्याचे मूल घरी सांगू शकेल की नाही, हे त्या घरावर अवलंबून आहे.

आता खर्च. येथे पहिला फरक ओळखावा तो ‘अदलाबदल’ आणि ‘शुल्क भरून प्रवेश’ यांतला. दोन संस्थांमध्ये अदलाबदलीचा करार असेल, तर विद्यार्थी शिक्षणशुल्क आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि परदेशी विद्यापीठ ते घेत नाही. असा करार नसेल, तर तिथले पूर्ण शुल्क भरावे लागते. अमेरिका वा ऑस्ट्रेलियात ते निर्वाहखर्चाहून मोठे होऊ शकते. दोन्ही प्रकार एकाच आकर्षक नावाखाली मांडले जातात, म्हणून प्रश्न विचारावा तो एवढाच : तिथले शुल्क कोण भरणार?

जर्मनीचे उदाहरण घेता येईल. निर्वाहासाठी महिन्याला ९९२ युरो धरून तेवढी तरतूद विद्यार्थ्याच्या नावावरील बंद खात्यात दाखवावी, अशी व्हिसासाठीची सर्वसाधारण अट आहे. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर सहा महिन्यांचे जवळपास सहा लाख होतात. विमानभाडे, विमा आणि व्हिसा मिळून सात लाखांच्या आसपास तयारी ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, त्यामुळे मर्यादेची अडचण येत नाही. वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर उगमस्थानी करसंकलनही होत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेला एप्रिल २०२५ पासून ते लागू नाही. संकलन झालेच, तरी ती रक्कम बुडीत जात नाही. विवरणपत्रात ती करातून वळती होते. पुण्याच्या पदवीसाठी आधीच शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल, तर परदेशी सत्राचा अंदाज मंजुरीपूर्वीच अर्जात दाखवावा. मधूनच वाढीव रक्कम मागणे हे शाखेच्या आणि पालकाच्या दोघांच्याही डोक्याला ताप असते.

श्रेयांकांचा विनिमय हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. युरोपात एका सत्राचे ३० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा एकूण अभ्यास. येथे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे सत्राला साधारण २० पडतात. तिथले तीन ते इथले दोन, असा ढोबळ भाव निघतो. परंतु हा भाव हाली-कलदारासारखा पेठेत जाहीर नसतो. कोणता विषय कशाच्या बदल्यात धरायचा, हे दोन्ही संस्थांनी जाण्यापूर्वी लेखी ठरवायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ‘ट्विनिंग’ पद्धतीत परदेशी संस्थेचे श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपर्यंत धरता येतात आणि पदवी भारतीय संस्थाच देते. आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची ‘बँक’ही उभी केली. तिच्यातील शिल्लक जास्तीत जास्त सात वर्षे टिकते आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. लेखी करार न करता गेलेल्या विद्यार्थ्याला परत आल्यावर तेच विषय पुन्हा द्यावे लागण्याचा धोका असतो. मग सत्रही जाते आणि सात लाखही.

प्रत्येक प्रकारच्या परदेशवारीला हा लाभ जोडू नये. दोन आठवड्यांचा ‘अनुभव दौरा’ ही सहल आहे. ती जरूर करावी, पण सहल म्हणून. एकाच महाविद्यालयातील दहा जणांनी एकत्र जायचे, एकत्र राहायचे, एकत्र वरण-भात करायचा आणि आपसातच बोलायचे, यातूनही फारसे हाती लागत नाही. परक्या पेढीवर जाऊन स्वतःच्याच भावांशी व्यापार केल्यासारखे ते होते. ज्या घराला सात लाख झेपत नाहीत, त्याने दुकानाचे खेळते भांडवल मोडून किंवा नातेवाइकांकडून उचल घेऊन हे करू नये. तामिळनाडू वा बंगालमधील चांगल्या संस्थेत एक सत्र केले, तर परकी भाषा, परके अन्न आणि अनोळखी घरमालक तिथेही भेटतात. श्रेयांकांच्या बँकेचा तो उपयोग अजून फार थोड्यांच्या लक्षात आला आहे.

वेळेचे गणित शेवटी उरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी बहुतेक महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांची नावे त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चमध्ये कळवितात. त्याआधी भाषेची परीक्षा, पासपोर्ट, विषयांची यादी आणि प्राध्यापकांची संमती एवढे हातात हवे. म्हणजे घरातील बोलणी आदल्या दिवाळीतच व्हायला हवीत. चोपडापूजनाला मुले घरी असतातच. त्या रात्री नवी वही उघडली की तिच्या शेवटच्या पानावर हाही अंदाज मांडून पाहावा, आणि तो मांडताना लेखणी मुलीच्या हातात द्यावी.