निकाल लागला की आधी जेवायला वाढा

माण, खटाव, आटपाडी, जत. इथली कितीतरी पोरं पहाटेच्या एसटीने कॉलेज गाठतात. कुणी कराडला, कुणी साताऱ्याला, कुणी सांगलीला. निकाल आता मोबाईलवर येतो. एखादा विषय राहिला की तो एसटीतच कळतो. मग पोरगं उतरल्या चेहऱ्याने घरी येतं आणि दारातच कुणीतरी विचारतं, "किती गेले रं?"

माझं ऐका. त्या संध्याकाळी आधी जेवायला वाढा. निकालाचं नंतर बोला.

पोरं कॉलेज सोडतात ती दर वेळी अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे. लाज वाटते म्हणूनही सोडतात. विषय पुढच्या परीक्षेत निघतो. "तुझ्यावर एवढा पैसा घातला" हे वाक्य मात्र निघत नाही. आत्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, हे तुमच्या मुलाला पाठ आहे. पुन्हा सांगू नका.

आपल्याला काय वाटतंय ते ओळखावं, ते सावरावं, समोरच्याचंही मन ओळखावं. याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. सॅलोव्हे आणि मेयर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली याची मांडणी केली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने ती जगभर गेली. नाव मोठं आहे, पण काम घरातलं आहे. आणि हे शिकवता येतं.

आपल्या साताऱ्याने तर ते फार आधी करून दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातीधर्मांची पोरं एका छताखाली राहायची. स्वयंपाक हाताने करायची, एका पंगतीला बसायची. आता विचार करा. घर सोडून आलेली, वेगवेगळ्या वळणाची पोरं. भांडणं झाली नसतील? पण रात्री आपसात कितीही वाजलं तरी सकाळी चूल त्यांनाच पेटवायची होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, हे त्या पोरांना कुणी वेगळं सांगावं लागलं नसेल.

तुम्हाला एवढं करायचं नाही. थोडंच करायचं आहे.

परीक्षेच्या सकाळी मुलगी म्हणते, "पोटात दुखतंय." नाटक करतेस म्हणू नका. ओवा द्या आणि जवळ बसून विचारा, "भीती वाटतीय का? कशाची? पेपराची, का घरी काय म्हणतील याची?" तिला नेमकं सांगू द्या. भीतीला वाचा फुटली की ती निम्मी होते. मुलग्यालाही हेच विचारा. त्याला तर रडायचीही चोरी असते.

दुसरं, मदत मागायला शिकवा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर सायन्सला जातं आणि एकदम सगळं इंग्रजीत येतं. समजत नाही. विचारलं तर वर्ग हसेल, म्हणून ते मागच्या बाकावर गप्प बसतं. हळूहळू तासाला बसायचंच बंद करतं. त्याच्याकडून घरीच एक वाक्य म्हणवून घ्या: "सर, हा धडा मला कळला नाही. तुम्हाला कधी भेटायला येऊ?" पहिल्यांदा ते हसेल. हसू द्या. चार वेळा मोठ्याने म्हणू द्या.

रागाचंही तसंच. मित्राशी बिनसलं तर ग्रुपवर रात्री काही टाकू नये. लिहावं, ठेवावं, सकाळी वाचावं. पण हे सांगणाऱ्या वडिलांनी भाऊबंदकीच्या ग्रुपवर रात्री बाराला काही टाकू नये, हे ओघाने आलंच.

आणि 'कमवा आणि शिका' योजनेत पोर कॉलेजच्या बागेत किंवा लायब्ररीत काम करत असेल, तर ते पाहुण्यांपासून लपवू नका.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोर जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलत नाही, "मी तुम्हाला ओझं झालोय" म्हणतं. हे सहज घेऊ नका. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं, तर ओरडू नका आणि एकटं सोडू नका. द्राक्षबागेच्या, उसाच्या फवारणीची औषधं कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे ठेवा. १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. रात्रीही चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मग त्याला डॉक्टरकडे न्या. लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

बाकी नुसताच विषय राहिला असेल, तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. उद्याच्या गाडीने पोराबरोबर कॉलेजात जा. खिडकीशी त्यालाच बोलू द्या. तुम्ही बाजूला थांबा.