मागे कोण बसले आहे?

वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या, आणि मागे बसलेल्या पावणेदोनशे माणसांना उद्देशून ध्वनिक्षेपकावरून केलेले ते रुबाबदार निवेदन. आता या चित्रातून ती माणसे वजा करून पाहा. त्यांच्या जागी खोकी ठेवा, औषधांच्या पेट्या ठेवा, मोबाईलचे सुटे भाग ठेवा, कुणाच्या तरी लग्नाचा शालू ठेवा. विमान तेच, आकाश तेच, वैमानिकाचा परवानाही तोच. तरीसुद्धा चित्राचा रंग थोडा उतरलाच, असे बहुतेकांना वाटते. का वाटावे, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

विषय हवेतला वाटेल, पण आमच्या घरी तो गेले काही महिने जेवणाच्या पानावर येऊन बसला आहे. माझा मामेभाऊ एका प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक आहे. त्याला एका मालवाहू कंपनीकडून बोलावणे आले आहे आणि जावे की न जावे या विचारात तो पडला आहे. अशा विचारात पडलेला तो एकटाच आहे असे नाही. आपल्या देशात १९९६ पासून ब्लू डार्टची स्वतःची मालवाहू विमाने रात्रीची उडत आहेत. २०२२ साली इंडिगोसारख्या प्रवासी कंपनीनेही मालासाठी वेगळे एअरबस विमान आणले. म्हणजे ज्या वैमानिकाला हा मार्ग धरायचा असेल त्याच्यापुढे तो खुला आहे.

मामीचे मत मात्र पहिल्याच दिवशी ठरले. "एवढं शिकून शेवटी गठ्ठेच वाहाचे काय?" दादा हसला आणि म्हणाला, "आई, गठ्ठे ओकत नाहीत, भांडत नाहीत, अन् उतरल्यावर तक्रारही करत नाहीत." विनोद चांगला होता, पण मामीच्या चेहऱ्यावरून ती हरली आहे असे काही दिसले नाही. तिची खरी चिंता वेगळीच होती. 'मुलगा पायलट आहे' हे वाक्य स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपुढे जसे ठसक्यात म्हणता येते, तसे 'सामानाच्या विमानाचा पायलट आहे' हे म्हणता येत नाही!

मामीला दोष देण्यात अर्थ नाही. माणसे वाहणारा मोठा आणि वस्तू वाहणारा लहान ही उतरंड आपण सर्वांनी मिळून रचली आहे. एस. टी.चा चालक आणि ट्रकचा चालक यांच्याकडे आपण एकाच नजरेने पाहतो काय? परंतु विमानाच्या बाबतीत तरी ही उतरंड इतिहासाला धरून नाही. या देशात विमानाने आधी वाहिली ती पत्रे. माणसे मागाहून आली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून नैनीपर्यंत आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, ती जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या त्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात प्रवासी नव्हता, टपालाच्या थैल्या होत्या. ज्या एअर इंडियाचा आपल्याला अभिमान वाटतो तिचा जन्म त्या थैल्यांतून झाला.

आणि आपल्या नागपूरचे काय? या गावातल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की सोनेगावचा विमानतळ एके काळी मध्यरात्री साऱ्या हिंदुस्थानच्या पत्रांचा चौक होता? १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या दिशेला परत जात. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साध्या पत्रालाही जादा आकार न घेता विमानात जागा मिळू लागली. संध्याकाळी दिल्लीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेत पोचावे, ही त्या काळी केवढी नवलाई असेल!

माझे आजोबा रेल्वे डाक सेवेत होते आणि साठ सालानंतर काही वर्षे त्यांची रात्रपाळी सोनेगावला असे. त्यांच्या सांगण्यात विमानांपेक्षा थैल्याच जास्त असत. लाखेच्या मोहरा लागलेल्या थैल्या, त्यांच्या वजनाच्या नोंदी, थंडीत बधिर झालेली बोटे. याच विमानांतून थोडे प्रवासीही येत. त्यांना दिवसाच्या मानाने भाडे कमी पडे. मात्र अर्ध्या रात्री नागपुरात उतरून, चहा पिऊन, दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागे. आजोबा म्हणत, "थैल्या आधी, पाव्हणे मंग." आमच्या गावाने ही उतरंड एकदा उलटी करून दाखवली होती, हे मामीला सांगायला हवे.

अमेरिकेत फेडेक्स कंपनीने मेंफिस शहरी सगळी विमाने रात्री एकत्र आणून मालाची अदलाबदल सुरू केली ती १९७३ साली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत त्या युक्तीचे कौतुक आजही चालते. तीच युक्ती सोनेगावने चोवीस वर्षे आधी राबविली होती, हे त्या वर्गांत कुणी सांगत असेल असे वाटत नाही. असो. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ च्या अखेरीस 'डेक्कन ३६०' ही मालवाहू कंपनी काढली तेव्हा केंद्र म्हणून नागपूरच निवडले. कंपनी दोन-तीन वर्षांतच बुडाली. मिहानचे नाव घेताना आजही आपण मालवाहतुकीच्या केंद्राची स्वप्ने पाहतो, ती पाहताना हाही अनुभव जमेस धरावा.

वाङ्मयाच्या विद्यार्थिनीला एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंत्वान द सेंत एक्झुपेरी हा फ्रेंच लेखक स्वतः टपाल वाहणारा वैमानिक होता आणि दक्षिण अमेरिकेतल्या रात्रीच्या टपाल उड्डाणांवर त्याने १९३१ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. विमानविद्येने जगाला जे थोडे खरे वाङ्मय दिले, ते थैल्या वाहणाऱ्याने दिले.

तेव्हा प्रतिष्ठेचा मुद्दा मी निकालात काढते. उरतो तो व्यवहार.

व्यवहारात पहिली गोष्ट नोकरीच्या भरवशाची. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत प्रवासी कंपन्या कोसळल्या आहेत. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. एका रात्रीत पट्ट्या उतरवून घरी बसलेले वैमानिक देशाने पाहिले. कोरोनाच्या साथीत २५ मार्च ते २५ मे २०२० असे दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती, तेव्हा औषधे आणि तपासणीचे साहित्य घेऊन मालवाहू विमाने उडतच होती. यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की माल कधी संपत नाही, सबब मालवाहू नोकरी अढळ. हा निष्कर्ष घाईचा आहे. साथ ओसरली, मालाची गर्दी ओसरली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात खुद्द फेडेक्सने आपल्या वैमानिकांना सुचविले की, एका छोट्या प्रवासी कंपनीत जागा आहेत, हवे तर तिकडे जा! ज्या दारातून लोक आत येण्यासाठी धडपडत होते, त्याच दारातून त्यांना बाहेरची वाट दाखविली गेली. एवंच, या बाबतीत दोन्ही तराजू वर-खाली होत राहणार.

दुसरी गोष्ट यंत्राची. मालवाहू विमाने बरीचशी जुनी प्रवासी विमानेच असतात. खुर्च्या काढायच्या, खिडक्या बुजवायच्या, पुढल्या बाजूला एक भले मोठे दार पाडायचे, की सुमारे सत्तावीस टन माल वाहणारे एअरबस ३२१ तयार! दादाला त्याचे काही वाटत नाही. "विमानानेच आधी नोकरी बदलली," तो म्हणतो.

तिसरी गोष्ट रात्रीची. आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. पार्सल संध्याकाळी गोळा होते आणि सकाळी पोचावे लागते. म्हणजे मधला सारा प्रवास रात्रीचा. मालवाहू वैमानिक होणे याचा अर्थ रात्र विकणे. पहाटे दोन ते सहा हा काळ असा, की त्या वेळी माणसाचे शरीर झोपच मागते. कितीही शिकलेला, कितीही पट्ट्या मिरवणारा माणूस असो. आजोबांच्या सोनेगावलाही हे ठाऊक होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा उड्डाण करताच एक इंजिन निकामी होऊन नागपुरातच कोसळले. चौदांपैकी तेरा जण गेले, वाचले ते एकटे वैमानिक. दोष इंजिनाचा होता, झोपेचा नव्हे. पण रात्री अशी अडचण कोसळली, तर ती निस्तरायला जागा असलेला मेंदू लागतो.

आता अमेरिकेतली गोष्ट पाहा. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून पन्नास माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिकांच्या थकव्याची चर्चा झाली, मृतांचे आप्त वर्षानुवर्षे संसदेच्या पायऱ्या झिजवीत राहिले, आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे कडक नियम आले. ते लागू झाले जानेवारी २०१४ पासून. परंतु फक्त प्रवासी विमानांना! मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. कारण काय, तर खर्चाच्या मानाने फायदा थोडा. नियम जाहीर होऊन अमलात येण्याच्या मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या आणि थकवाही निघाला. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात ते दोघे याच विषयावर बोलत होते, की विश्रांतीचे नियम मालवाहू वैमानिकांना वेगळे का असावेत.

हे वाचल्यापासून माझ्या मनातून एक हिशेब जात नाही. वैमानिकाची झोप किती मोलाची, हे तो किती थकला आहे यावर ठरत नाही. त्याच्या मागे कोण बसले आहे, यावर ठरते. मागे पावणेदोनशे माणसे असतील तर त्याने झोप घेतलीच पाहिजे. मागे खोकी असतील तर बघू! जणू काय मालवाहू विमानाखाली गावे नसतात, आणि पुढे बसलेले दोघे ही माणसे नव्हेत. मामीच्या 'गठ्ठेच वाहाचे काय'मध्ये आणि त्या सरकारी हिशेबात जात एकच आहे. मामीकडे निदान माया तरी आहे.

आपल्याकडे काय? विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत विश्रांतीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरविण्याची मुभा. कोर्टकचेऱ्या होऊन हे नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरात, दोन टप्प्यांनी आले. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या कलमांतून तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या आठवड्यात मी वर्तमानपत्रे रोज वाचत होते. अडकलेल्या प्रवाशांचे, हरवलेल्या सामानाचे, हुकलेल्या लग्नांचे वृत्तान्त पानेच्या पाने होते, आणि ते हाल खरेच होते. वैमानिकाची झोप मात्र त्यांत 'गोंधळाचे कारण' म्हणून आली.

याच नागपूरच्या विमानतळावर १७ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्याला निघालेला एक वैमानिक विमानाच्या दाराशी जाण्यापूर्वीच कोसळला आणि गेला. त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, असे सांगण्यात आले. कारणाचा निवाडा डॉक्टरांनी करावा. मामीने मात्र त्या दिवशी दादाला चार वेळा फोन केला.

मला विचाराल तर दादाने जावे. प्रवासी विमानांतही पहाटेची उड्डाणे चुकत नाहीत, एक दिवस पहाटे तीनला उठायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्री तीनला झोपायचे, हे आज तो करतोच आहे. मालवाहू नोकरीत रात्र निदान रात्र म्हणून ठरलेली असते. शरीराला एकाच उलट्या घड्याळाची सवय लावता येईल, असे त्याचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. पण पगाराचा आकडा पाहून त्याने सही करू नये. ओळीने किती रात्री उडायचे, मधे किती रात्री घरी मिळणार, आणि केंद्रावर दोन उड्डाणांच्या मधे तीन तास मिळाले तर ते खुर्चीत काढायचे की पलंगावर, हे त्याने आधी विचारावे. मेंफिसला फेडेक्सने आणि लुईव्हिलला यूपीएसने आपल्या वैमानिकांसाठी विमानतळावरच झोपायच्या खोल्या बांधल्या आहेत. दादाला उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. खोलीचे त्याने अजून विचारलेले नाही. विचारायला संकोच वाटतो म्हणतो.