भिंतीचा तडा दाखवायचा कोणी?

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. शासकीय सेवकांबरोबरच स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे, महामंडळे आणि कंत्राटी कर्मचारीही त्यांच्या कक्षेत येतात. म्हणजे अहिल्यानगरच्या चौदाही तालुक्यांतील तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, सारेच आले.

बहुतेक सूचनांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागद प्रसृत करू नयेत, शासकीय वाहन वा इमारत वैयक्तिक चित्रफितींसाठी वापरू नये, बदली होताच कार्यालयीन खाते सोपवावे, हे सेवेच्या प्रतिष्ठेला धरूनच आहे. (खुर्चीला प्रेक्षक मिळाले की अर्जदार दारात ताटकळतो!) पुढच्याच महिन्यात, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील निरोप समारंभात खुर्चीत बसून गाणे म्हटल्याची चित्रफीत पसरली आणि एका तहसीलदारांचे निलंबन झाले. धाक बसायचा तो बसला.

अडचण निराळीच आहे. केंद्र वा राज्य शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, असेही या सूचना सांगतात. पण टीका कोणती आणि वस्तुस्थितीचे निवेदन कोणते, हे ठरविणार कोण? ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळून तीन विद्यार्थी प्राणास मुकले. उद्या एखाद्या गुरुजींनी वर्गाच्या भिंतीला गेलेल्या तड्याचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, तर ती शिस्तभंगाची बाब ठरेल काय? ठरेल की नाही, ही शंकाच त्यांचा हात आखडण्यास पुरेशी आहे. आणि भिंत काही स्पष्टीकरणाची वाट पाहत थांबत नाही.

शासकीय सेवेत शिरल्याने नागरिकाचे मूलभूत अधिकार लोपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितले आहे. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये समाजमाध्यमावरील लिखाणालाही तेच तत्त्व लावले. उलट, या सूचना ज्यांच्या आधारे निघाल्या ते वर्तणूक नियम १९७९ चे, म्हणजे पोस्टकार्डाच्या काळातले.

म्हणून जिल्हा परिषदेने एवढे तरी लेखी कळवावे: धोक्याची सूचना कोणाकडे द्यायची, तिची पोच किती दिवसांत मिळेल, आणि ती न मिळाल्यास पालकांना सावध करणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखाने व पतसंस्थांनीही आपल्या सेवकांसाठी असे नियम करताना शासकीय मसुद्याची नक्कल करण्याआधी ही पुरवणी जोडावी.