वाळू पिकवणारा समुद्र

लक्षद्वीपच्या किनाऱ्यांची धूप हा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते : समुद्राची पातळी किती वाढली आणि काँक्रीटचे टेट्रापॉड कुठे टाकायचे. तिथली वाळू मुळात येते कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या बेटांवर ना डोंगर, ना नदी. सगळी पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ, शंखशिंपले आणि चुना साठवणाऱ्या शैवालांच्या सांगाड्यांचा चुरा. हा चुरा करण्यात पोपटमाशांचा मोठा हात. ते प्रवाळभित्ती खरवडतात, शैवाल पचवतात आणि पोटात गेलेला चुना वाळू करून बाहेर टाकतात. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांच्या विष्ठेतून आल्याचं दिसलं. (पर्यटनाच्या जाहिरातींत हे अर्थातच नसतं.) म्हणजे ही जमीन सतत पिकत राहावी लागते, आणि हवामानाचा घाव या पिकावर पडतो आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत तापलेल्या पाण्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, बरेच मेले. शिवाय समुद्रात मुरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याची आम्लता औद्योगिक युगाआधीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. त्यामुळे सांगाडा बांधणं अवघड होतं आणि तळाशी साचलेली वाळूही अधिक विरघळते.

बेटं धोक्यात आहेत, यावरचा आक्षेप कच्चा नाही. प्रशांत महासागरातल्या तुवालूच्या १०१ बेटांच्या २०१८च्या अभ्यासात १९७१ ते २०१४ या काळात, समुद्राची पातळी वाढत असूनही, एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मग काळजी कशाची? पण हे क्षेत्रफळ आधी तयार झालेल्या वाळूचं आहे. आज भित्तीवर काय घडतंय ते किनाऱ्यावर उमटायला कित्येक वर्षं जातात. उलट प्रवाळ मेल्यावर त्यांचे सांगाडे फुटत, कुरतडले जात राहतात आणि काही काळ वाळू वाढूही शकते. ते उत्पन्न नव्हे, ठेव मोडून चाललेला खर्च आहे. नकाशावरचं बेट शाबूत दिसतं म्हणून निर्धास्त राहणं मला म्हणूनच पटत नाही.

पोपटमासे राखले म्हणजे पाणी थंड होणार नाही, हेही खरं. मात्र ते शैवाल खाऊन दगड मोकळा ठेवतात, आणि नव्या प्रवाळांना रुजायला तीच जागा लागते. लक्षद्वीपचा कोळी आजवर मुख्यतः गळाने टूना धरत आला, म्हणून भित्तीवरचे मासे बरेच वाचले. आता त्यांनाही गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. टेट्रापॉड लाटेचा जोर मोडतील, वाळू बनवणार नाहीत; तेव्हा धूप थांबवण्याच्या अंदाजपत्रकात पोपटमाशांच्या मासेमारीवरच्या मर्यादेचा विचार आधी व्हायला हवा.