जुन्या यंत्राचें पूरक-रेचक

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें १९४२ च्या ऑगस्टमधील उठावामुळें. आज मात्र त्या पंचक्रोशींत घरोघरीं चिंता आहे ती पाण्याची. काळी कापसाची जमीन, संत्र्याच्या बागा आणि उन्हाळा लागतांच खोल जाणाऱ्या विहिरी, असा तो मुलूख आहे. शेजारच्या आर्वी तालुक्यांतील काकडदरा या चिमुकल्या गांवानें २०१७ सालीं पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण-स्पर्धेंत राज्यांत पहिला क्रमांक मिळविला, तेव्हां चर आणि बांध यांनीं काय साधतें हें सर्वांनींच पाहिलें. जेथें कुदळ-फावड्यानें भागत नाहीं, तेथें यंत्र आणावें लागतें; आणि नवा बुलडोझर लहान ठेकेदाराच्या आवांक्याबाहेरचा असल्यामुळें पंचवीस-तीस वर्षें राबलेलें एखादें जुनें धूड बांधावर येऊन उभें राहतें.

तें सुरू झालें कीं काळ्या धुराचा लोट उठतो. मालक म्हणतो, "याचा दम कोंडला आहे, सायलेन्सर काढून टाका, हवेची गाळणीहि काढा, म्हणजे मोकळा होईल." या उपायांत तथ्य किती आणि घात किती, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे. विषय पुरुषांच्या कारखान्यांतला दिसला तरी गृहिणींनीं पान उलटूं नये. ज्यांनीं चूल फुंकली आहे किंवा स्टोव्ह पेटविला आहे, त्यांना यांतील निम्मी विद्या आधींच अवगत आहे.

जुनें यंत्र टाकून न देतां राबवावें, ही आपल्याकडील रीत नवी नव्हे. स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास युद्धांतून उरलेले अमेरिकन लष्कराचे ट्रॅक्टर डागडुजी करून सरकारच्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें मध्य हिंदुस्थानांतील कांस गवतानें व्यापलेली जमीन मोडण्यास लावले. पुढें याच कामाच्या यंत्रांसाठीं १९४९ सालीं जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचें कर्ज मिळालें. १९६४ सालीं बंगळूर येथें भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी निघाली व जपानच्या कोमात्सु कंपनीच्या सहकार्यानें बुलडोझर येथेंच तयार होऊं लागले.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. संध्येंतील प्राणायाम ज्यांना माहीत आहे त्यांना डिझेल इंजिन समजावून सांगणें सोपें आहे. पूरकांत तें हवा आंत ओढतें. कुंभकांत ती हवा इतकी दाबतें कीं ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें आपोआप पेटतें व दट्ट्या खालीं लोटला जातो. आणि रेचकांत जळलेला वायु बाहेर टाकला जातो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु तत्त्व तेंच राहिलें.

एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षांत इंजिनास त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. म्हणजे एक लिटर तेलामागें निदान दहा-अकरा घनमीटर हवा झाली. लांबी, रुंदी व उंची दहा-दहा फूट असलेल्या आपल्या खोलींतील हवा अडीच-पावणेतीन लिटर तेल जाळण्यापुरतीच असते. तासाला वीस लिटर पिणारें यंत्र अशा सात-आठ खोल्या तरी तासाभरांत रिकाम्या करतें. हवा कमी पडली कीं तेल अर्धवट जळतें व त्याची काजळी होते. कोंडलेल्या स्टोव्हवर पातेल्याचें बूड काळें होतें, त्याचें कारणहि हेंच. वैशाखांत दुपारीं पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे हवा विरळ होते. १५ अंशांच्या मानानें तितक्याच जागेंत ती सुमारें दहा टक्के कमी मावते. सकाळीं बरें चालणारें यंत्र दुपारीं अधिक धूर ओकतें, तें यामुळेंच.

तर मग गाळणी काढून हवा मोकळी कां करूं नये? कारण तीच हवा फुफाट्यानें भरलेली असते. मातींतील वाळूचे सूक्ष्म कण कांचेहून कठीण असतात. ते दट्ट्याच्या कड्यांत शिरले कीं सिलिंडर कानशीनें घासावा तसा घासला जातो. गाळणीविना चाललेलें इंजिन आठवडाभर जोमांत दिसतें. पुढें मात्र निळा धूर येऊं लागतो, म्हणजे वंगणाचें तेल जळूं लागतें. त्या रोगावर नळीचा कोणताहि फेरबदल चालत नाहीं, इंजिन उघडावेंच लागतें. म्हणून नळीस हात लावण्यापूर्वीं धुराचा रंग पाहावा. काळा धूर बहुधा हवेची उणीव किंवा तेलाचा अतिरेक दाखवितो. निळा झीज दाखवितो.

खरी सुधारणा ती ही. जुन्या यंत्रांत पुष्कळदां तेलाच्या भांड्याची गाळणी असते. इंजिन मंद चालतें तेव्हां तिची पकड ढिली पडते. तिच्या जागीं दुहेरी कागदी गाळणी बसवावी. ती धुळीचे ९९ टक्क्यांहून अधिक कण अडविते. तिच्याहि आधीं हवेस भोंवऱ्यासारखी फिरवून जड धूळ बाजूस फेकणारें भांडें लावावें, म्हणजे कागद लवकर भरत नाहीं. हवेचें तोंड साखळपट्ट्यांच्या धुळीपासून उंच आणि धुराड्यापासून दूर असावें. नाहीं तर यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुन्हां ओढतें. गाळणीच्या पुढील रबरी जोड घट्ट असणें सर्वांत महत्त्वाचें. इंजिन बंद असतां त्या नळींत बोट फिरवावें. बोटास धूळ लागली तर गाळणी कितीहि भारी असली तरी व्यर्थ होय.

धुराड्याकडेहि असाच हिशेब करावा. नळीचा व्यास चार इंचांवरून पांच इंच केला तर तिचें तोंड दीडपटीहून थोडें अधिक मोठें होतें, परंतु तेवढाच वायु नेतांना तिच्यांतील अडथळा जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. एक काटकोनी वळण काढून तेथें मोठ्या गोलाईचें वळण दिलें तरी बराच लाभ होतो. म्हणजे सायलेन्सर फेकून देण्यापेक्षां योग्य मापाचा सायलेन्सर व रुंद, सरळ नळी हा मार्ग श्रेयस्कर. शिवाय उन्हाळ्यांत वाळलेल्या गवताजवळ आणि बागांच्या कडेस काम चालतें. तेथें उघड्या नळींतून उडालेली एक ठिणगी पुरते. यासाठीं ठिणगी अडविणारी जाळीहि असावी.

अडथळा आहे कीं नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. तो मोजण्याचें साधन चार पैशांचें आहे. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वांकवून फळीवर बांधावी व तींत अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावें. एक टोंक गाळणीनंतरच्या हवेच्या नळीस जोडावें, दुसरें मोकळें ठेवावें. इंजिन पूर्ण वेगांत असतां दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळींत जें अंतर पडेल, तेवढी हवेची कोंडी. सामान्यतः हें अंतर वीस-पंचवीस इंचांवर गेलें कीं गाळणी बदलण्याची वेळ झाली; नक्की मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत पाहावी. धुराड्याकडील दाबहि असाच मोजतां येतो, मात्र तेथें आधीं हातभर धातूची नळी जोडावी, नाहीं तर उष्णतेनें प्लॅस्टिक वितळेल. फेरबदलापूर्वीं व नंतर असे दोन आंकडे लिहून ठेवले म्हणजे मिस्त्री व मालक यांत वाद उरत नाहीं.

एक मोह मात्र टाळलाच पाहिजे. हवा थोडी मोकळी झाली कीं पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढविण्याची इच्छा होते. त्यानें जोर क्षणभर वाढतो, परंतु धूर पुन्हां येतो आणि अति उष्णतेनें दट्ट्याच वितळण्याची पाळी येते.

हें सर्व केवळ यंत्राच्या आयुष्यासाठीं आहे असें मानूं नये. त्या धुराड्याच्या मागें आठ-आठ, दहा-दहा तास एक माणूस बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. धुराडें चालकाच्या डोक्याहून हातभर उंच नेऊन त्याचें तोंड बाजूस वळविण्यास वेल्डरचा एक तास लागतो. सायलेन्सर शाबूत ठेवला तर त्याचे कानहि वांचतात. मालकाच्या दृष्टीनें ही सुधारणा शेवटची ठरते, कारण तिनें यंत्राचा जोर वाढत नाहीं. वस्तुतः ती पहिली असावयास पाहिजे.

आपल्यापैकीं पुष्कळांची वडिलोपार्जित शेती गांवीं आहे आणि शेततळें किंवा बांध यांसाठीं यंत्र भाड्यानें ठरविण्याचा प्रसंग येतो. त्या वेळीं दर ठरवितांना दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात: हवेच्या नळीवर गाळणी आहे कीं नाहीं, आणि धूर चालकाच्या तोंडावर येतो कीं वर जातो. नसेल तर ती दुरुस्ती करून येण्याची अट घालावी, आणि त्यासाठीं दोन पैसे अधिक मागितले तर ते द्यावेत. आपल्या विहिरीस पाणी येण्यासाठीं दुसऱ्याच्या छातींत काजळी सांठूं नये, एवढी दक्षता पैसे देणाऱ्यानेंच घेतली पाहिजे.