बियाण्याची पावती मागता, मग गुडघ्याच्या पुडीची का नाही?

कपाशीचं पाकीट घेताना तुम्ही लॉट नंबर बघता, मुदत बघता, पक्की पावती खिशात घालता. पण आठवडे बाजारात गुडघेदुखीची पुडी घेताना हीच शहाणी माणसं कागदाचा कपटाही मागत नाहीत. मी कृषी खात्यातला डिप्लोमावाला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी लिहितोय, कारण हे माझ्याच घरात घडलं.

माझ्या आईचे गुडघे उकिडवं बसून निंदणी-खुरपणी करण्यात झिजले. बाजारातल्या एका विक्रेत्याची 'शुद्ध जडीबुटीची' पुडी तिनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी आई ओट्याच्या पायऱ्या भराभर चढली. आम्ही खूश! चार महिन्यांत तोंड सुजलं, रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कसली पुडी घेता?" त्यांना स्टिरॉइडचा संशय होता. अशा पुड्यांत ते मिसळलेलं पूर्वी सापडलेलं आहे. बरं, घाबरून पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. डॉक्टरांनी मोजून गोळी दिली आणि हळूहळू कमी केली.

म्हणून झाडपाल्याची सगळीच औषधं खोटी, असं मी म्हणणार नाही. आपल्या सातपुड्यात सालईचं झाड आहे, त्याच्या डिंकापासून शल्लकी बनते. नागपुरात तीस रुग्णांवर तिची चाचणी झाली, अहवाल २००३ साली छापून आला. आठ आठवड्यांत दुखणं कमी झालं, चालणं वाढलं. मात्र एक्स-रेत फरक पडला नाही. म्हणजे आराम मिळतो, झिजलेली कुर्चा काही परत येत नाही. तेव्हा 'गुडघा नवा करतो' म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम ठोका.

हळदीचंही तसंच. थायलंडमध्ये २०१४ च्या चाचणीत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या बरोबरीला उतरला, पण तो रोज दीड ग्रॅम अर्क होता. साध्या हळदीत कर्क्युमिन दोन ते पाच टक्के, तेही अंगी लागतं थोडंच. दुधातल्या चिमटीवर भिस्त ठेवू नका. (हळद पिकवणाऱ्यांनी रागावू नये, दूध खुशाल प्या!) रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर असा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

घ्यायचंच तर डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि मुदत बघा, आणि पावती घ्या. दोन-तीन दिवसांत जादू झाली, तर आनंदापेक्षा शंका आधी यावी. पुडी जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. आम्ही पुडीचा कागद चुलीत घातला होता. तक्रार करायला हातात काहीच उरलं नाही.

आणि एक, वजन. एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी विकत नाही. आई आता खुर्चीवर बसून सकाळ-संध्याकाळ पाय सरळ करून धरते. निंदणीला सायकल कोळपं आणलंय, ते उभ्यानं चालतं. पायऱ्या ती अजून कठडा धरूनच चढते.