गुरुवारची सुट्टी, शुक्रवारची नमाज

पुण्याजवळच्या निगडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात धार्मिक सलोख्याचा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळतं. "इथं भांडायला वेळ कुणाला आहे? सगळी पोटामागं लागलेली माणसं." तळवड्यात तर हे उत्तर जास्तच पटतं. लातूरचा फिटर, गोरखपूरचा वेल्डर आणि अकोल्याचा हेल्पर एकाच पत्र्याच्या शेडमध्ये राबतात. एकाच्या लेथवरचा जॉब दुसऱ्याकडे पावडर कोटिंगला जातो आणि खाली पडलेला चुरा तिसऱ्याच्या भंगाराच्या दुकानात. या साखळीत धर्म विचारायला फुरसत कुठली, असा हा युक्तिवाद.

तो टिकत नाही. भिवंडीतही यंत्रमाग होते. मागमालक, कारागीर, सुताचे व्यापारी, हमाल, सगळे एकमेकांच्या पैशात गुंतलेले. तरी 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्तानं गाव पेटलं आणि 1984 मध्ये पुन्हा पेटलं. गिरण्यांच्या मुंबईत 1992-93 साली काय घडलं, ते श्रीकृष्ण आयोगानं लिहून ठेवलं आहे. एका पाळीत काम केलं की तोंडओळख होते, एवढंच. पाळी सुटल्यावर कुणाला कुठं खोली मिळणार, ते कारखाना ठरवत नाही. ते खोलीमालक ठरवतो, आणि तो आधी आडनाव विचारतो.

दुसरं उत्तर जरा भरजरी असतं: ही संतांची भूमी. देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, आणि हे सांगताना प्रत्येक वक्त्याचा गळा दाटून येतो. पण शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झालीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत मशिदीवर जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. वारसा म्हणजे एकदा टोचली की जन्मभर पुरणारी लस नव्हे. दर्ग्यापाशी होणारी ती आरती टिकली, कारण ती पालखीच्या कार्यक्रमातच आहे. कुणाच्या मनात त्या वर्षी किती प्रेम आहे, यावर ती अवलंबून नाही.

अनगडशहांचं नाव घ्यायचंच तर संतचरित्रकार महिपतीनं सांगितलेली गोष्ट पुरी घ्यावी. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली. पुढं अनगडशहांच्या जागेतल्या पाण्यानं भटांनी स्नान केलं आणि अंगाचा दाह सुरू झाला. तो काही केल्या शमेना, तेव्हा त्यांनी देहूला शिष्य पाठवून क्षमा मागितली. तुकोबांनी उत्तरादाखल अभंग धाडला आणि पुढं हेच भट त्यांचे अनुयायी झाले. चमत्कार बाजूला ठेवू. वाकलं कोण, ते पाहावं. ज्याच्या हातात शास्त्राची सत्ता होती, तो आधी वाकला. ज्याचं नुकसान झालं, त्यानं मग ताणलं नाही. आपल्याकडच्या बैठकांत नेमकं उलटं चालतं. ज्याची हातगाडी जळाली, त्यालाच "मोठ्या मनानं घ्या" म्हणतात आणि तक्रार मागं घ्यायला लावतात. याला समेट म्हणणं हा निव्वळ निगरगट्टपणा आहे. गुन्हा घडला तर गुन्हा दाखल झाला पाहिजे. सलोख्याचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

आता तिसरा आक्षेप, खरा जहाल: सलोखा म्हणजे नमतं घेणं. 29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरासह राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. तीनच महिन्यांनी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा बऱ्याच शहरांत जुलूस पुढं ढकलला गेला आणि सरकारनं ईदची सुट्टीही 29 सप्टेंबरवर नेली. यानं कुणाच्या श्रद्धेला उणेपणा आला नाही. पण या उदाहरणांत दर वेळी एकच बाजू सरकते. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, त्याचं कौतुक आपण दर वर्षी करतो. तिथंही जागा देणारे मुसलमानच. मग बहुसंख्यांनी काय दिलं, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला कटकट्या म्हणू नये. प्रश्न रास्त आहे.

त्याचं एक उत्तर कारखान्यातच सापडतं. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे शुक्रवार ऐन कामाचा. जुम्म्याची वेळ दुपारची, आणि मशीन बंद ठेवली तर उत्पादन बुडतं. समजूतदार सुपरवायझर जेवणाच्या सुट्ट्या अदलाबदल करतो. तेवढा वेळ मशीनवर दुसरा उभा राहतो. आषाढात वारीला जायची रजा हवी असते, तेव्हा फेड होते. जिथं असं ठरलेलं नाही, तिथं "यांचेच लाड" ही कुजबुज सुरू होते आणि ती चहाच्या टपरीपर्यंत पोचते. देण्याघेण्याचा हा हिशोब कुणाच्या भाषणात येत नाही, म्हणून तो क्षुद्र ठरत नाही.

भांडण दाबून ठेवायचं, हाही सलोखा नव्हे. संत एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद घ्या. दोघं एकमेकांची यथेच्छ निंदा करतात. देव सगळीकडे असेल तर पश्चिमेकडेच तोंड का, असा एकाचा टोला. तुमच्या शिवाशिवीचं काय, असा दुसऱ्याचा. सगळं ओकून झाल्यावर शेवटी आलिंगन. आजच्या शांतता समितीत हे दोघं पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढले गेले असते. तिथं पुढारी बसतात, चहा होतो, फोटो निघतो आणि पुढची बैठक पुढच्या सणाला.

भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1984 च्या दंगलीनंतरच्या वर्षांत वेगळा मार्ग धरला. मोहल्ला समित्या नेमल्या, पण पुढाऱ्यांच्या नव्हे, गल्लीतल्या साध्या माणसांच्या. समित्या दंगलीची वाट पाहत बसल्या नाहीत; नेहमी भेटत राहिल्या, वस्तीतली बारीकसारीक भांडणं तिथंच सोडवत राहिल्या. हवालदार आणि रहिवासी एकमेकांना नावानं ओळखू लागले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत असताना, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. पुढं मुंबईनंच हा धडा गिरवला. पोलीस अधिकारी रिबेरो आणि साहनी, तसंच सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या.

तळवडं ज्यात येतं त्या पिंपरी-चिंचवडला 2018 मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. तेव्हा नवं काही मागायचं नाही. भिवंडीसारखीच समिती इथं गुरुवारी भरवा, म्हणजे कामगार येऊ शकेल. खोलीमालक, लेबर कॉन्ट्रॅक्टर, भंगारवाला आणि मेसवाल्या बाई यांना बोलवा. नगरसेवकाला नंतर कळवलं तरी चालेल. आणि पहिल्याच बैठकीत भोंग्याचा विषय काढू नका. खोल्यांच्या भाड्याचा काढा.